कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर शहर अनेक गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. अंबाबाईचे प्राचीन देवालय, रंकाळ्याचा विस्तीर्ण तलाव, लाल मातीत घुमणारे मल्ल आणि राजर्षी शाहू महाराजांची पुण्याई यांमुळे या करवीरनगरीचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. याच नगरीने महाराष्ट्राला आणखी एक अमोल देणगी दिली. ती म्हणजे चित्रपटाची कला. एका सामान्य कारागिराच्या घरात जन्मलेल्या, शाळेत फारसे न शिकलेल्या एका माणसाने येथे स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि त्याच्या साहाय्याने उत्तम चित्रपट काढले. त्या थोर कलावंताचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे होते. लाकूड, लोखंड आणि रंग यांच्याशी या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची मैत्री होती. इतर मुले पाटीवर अक्षरे गिरवीत, त्या वयात बाबूराव हत्यारे हाताळू लागले होते. शाळेचे शिक्षण त्यांना थोडेच लाभले. परंतु डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिलेले हाताने करून बघणे, ही विद्या त्यांनी लहानपणापासून आत्मसात केली. चित्रकला व मूर्तिकला ते कोणत्याही कलाशाळेत न जाता शिकले. पुढे चित्रकार म्हणून त्यांची एवढी ख्याती झाली, की लोक त्यांचे मेस्त्री हे आडनाव विसरले आणि त्यांना पेंटर या नावानेच ओळखू लागले.

त्यांच्या नात्यातील एक भाऊ आनंदराव हेही उत्तम चित्रकार होते. दोघांची जोडी जमली. त्या काळी संगीत नाटकांचा मोठा बहर होता. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, नगरातील रस्ता अशी दृश्ये दाखविण्यासाठी नाटक मंडळ्यांना मोठमोठे रंगविलेले पडदे लागत. १९१० ते १९१६ या काळात या दोघा भावांचे पडदे पश्चिम भारतात नावाजले गेले. मराठी संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती व पारशी नाटक कंपन्या त्यांच्याकडून पडदे रंगवून घेत. सपाट कापडावर रंगविलेला खांब दूर बसलेल्या प्रेक्षकाला खराखुरा दगडी खांब वाटावा, हे त्यांच्या कुंचल्याचे कसब होते. प्रेक्षकाचा डोळा कोठे रमतो आणि कोठे कंटाळतो, याचे ज्ञान बाबूरावांना या कामातूनच मिळाले.

३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला. आपल्या देशातील माणसांनी, आपल्या पुराणातील कथा घेऊन काढलेला हा चित्रपट पाहून असंख्य लोक थक्क झाले. आनंदराव आणि बाबूराव यांच्यावर तर त्याने मोहिनीच घातली. आपले पडदे कितीही सुंदर असले, तरी ते स्थिर असतात. या नव्या पडद्यावर मात्र झाडांची पाने हलतात, पाणी वाहते, माणसे चालतात. आपणही हलती चित्रे निर्माण करावीत, असा ध्यास दोघांनी घेतला. पण त्यासाठी लागणारा कॅमेरा आणावयाचा कोठून? फाळक्यांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणला होता. तेवढे द्रव्य या भावांजवळ नव्हते. तेव्हा त्यांनी प्रथम दुसऱ्यांचे चित्रपट लोकांना दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला आणि एकीकडे स्वतःचा कॅमेरा जुळविण्याचे प्रयत्न चालू ठेवले.

मुलांनो, त्या काळी चित्रपटाचे खेळ चालविणे ही सोपी गोष्ट नव्हती. चित्रपट मुके होते. पडद्यावर पात्रांचे ओठ हलत, पण शब्द ऐकू येत नसत. मधूनमधून पडद्यावर अक्षरे येत. परंतु बहुतेक प्रेक्षकांना वाचता येत नसे. म्हणून ती मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी कोठे कोठे एक माणूस उभा करीत. पडद्याजवळ पेटी आणि तबला घेऊन वादक बसत व प्रसंग पाहून वाजवीत. चित्र दाखविण्याचे यंत्र हाताने फिरवावे लागे. हात मंदावला की पडद्यावरील माणसे रेंगाळत. हात भरभर फिरला की राजा आणि ऋषीसुद्धा धावत सुटत. एका रिळात सुमारे हजार फूट फिल्म मावे व ती पंधरा-सतरा मिनिटांत संपे. यंत्र एकच असेल, तर दुसरे रीळ चढेपर्यंत प्रेक्षकांना वाट पाहत बसावे लागे आणि तेवढ्यात शिट्ट्या व आरडाओरडा सुरू होई. त्यात भर म्हणजे त्या वेळची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. दिव्याची आच जराशी अधिक लागली, तरी ती पेट घेई.

याहूनही कठीण काम म्हणजे प्रेक्षकांना पुनःपुन्हा आणणे. पहिल्या दिवशी लोक कुतूहलाने येतात. हलते चित्र म्हणजे आहे तरी काय, हे पाहण्यासाठी सारा गाव लोटतो. पण नवलाई ओसरली, की तेच लोक पाठ फिरवितात. कोल्हापुरात तर करमणुकीची वाण नव्हती. एकीकडे कुस्त्यांचे फड रंगत. दुसरीकडे नामवंत नटांची नाटके होत. तमाशाही जोरात असे. या सर्वांना सोडून माणसाने अंधाऱ्या जागेत येऊन मुकी चित्रे का पाहावीत? शिवाय प्रेक्षक येवोत अथवा न येवोत, चित्रपटाचे भाडे, दिव्याचा खर्च आणि नोकरांचा पगार हे चुकत नसत. त्यातून पुष्कळसे चित्रपट परदेशांतून येत. त्यांतील माणसे, कपडे, चालीरीती सारे परके. असे चित्रपट पाहून खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला किंवा घरकाम आटोपून आलेल्या बाईला काय आपलेपणा वाटणार? लोकांना आपलेसे वाटेल असे चित्रपट हवे असतील, तर ते येथेच निर्माण झाले पाहिजेत, हे त्या दिवसांत ढळढळीत दिसत होते.

चित्रपट दाखविण्याच्या व्यवसायाचा दोघा भावांना आणखी एक मोठा लाभ झाला. चित्र दाखविणारे यंत्र त्यांना हाताळावयास मिळाले. चित्र दाखविणारे यंत्र आणि चित्र घेणारा कॅमेरा ही जणू जुळी भावंडे आहेत. दोहोंतही फिल्मची लांब पट्टी छिद्रांत अडकणाऱ्या दात्यांनी पुढे सरकते. ती सलग धावत नाही. एक चित्र आले की क्षणभर थांबते, मग झडप मिटते, पट्टी पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. मूकपटाच्या काळात साधारणपणे एका सेकंदात सोळा वेळा असे घडे. एका यंत्रात दिव्याचा प्रकाश फिल्ममधून बाहेर पडद्यावर जातो, तर दुसऱ्यात बाहेरचा प्रकाश भिंगातून आत येऊन फिल्मवर पडतो. एवढे मर्म उमगले. पण ते यंत्रात उतरविणे महाकठीण होते. केसाएवढा फरक पडला तरी चित्र थरथरे. सूक्ष्म फटीतून प्रकाश शिरला तरी फिल्म वाया जाई. भाग घडवावेत, जुळवावेत, चुकले की पुन्हा सुटे करावेत, असा उद्योग चालला. त्यातच पहिल्या महायुद्धामुळे परदेशी माल दुर्मीळ व महाग झाला होता.

अशा वेळी बाबूरावांवर मोठा आघात झाला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. पडदे रंगविण्यात, खेळ चालविण्यात आणि कॅमेऱ्याच्या खटाटोपात सावलीसारखा सोबत असलेला भाऊ अर्ध्या वाटेवर सोडून गेला. दुसरा एखादा माणूस खचून गेला असता. बाबूरावांनी मात्र दोघांनी मिळून पाहिलेले स्वप्न एकट्याने पुरे करावयाचे ठरविले. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले त्यांच्या मदतीस आले. दामले यांत्रिक कामात अतिशय कुशल होते. गुरुशिष्यांनी अहोरात्र खपून १९१८ साली चालू शकणारा कॅमेरा सिद्ध केला. परदेशी कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या कोल्हापुरी हातांनी घडविलेले ते यंत्र चित्रे टिपू लागले, तेव्हा त्या दोघांना केवढा आनंद झाला असेल!

कॅमेरा झाला, तरी द्रव्यावाचून चित्रपट निघत नाही. श्रीमंत सावकार या नव्या धंद्यात पैसा घालण्यास कचरत. त्या वेळी कोल्हापूरच्या प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी बाबूरावांच्या गुणांवर विश्वास ठेवून आपले धन पुढे केले. एका कलावंताचे मोल दुसऱ्या कलावंताने ओळखले. अशा रीतीने ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. दामले, फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, बाळासाहेब यादव अशी गुणी माणसे तिच्याभोवती जमली. काही काळाने शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुणही तेथे उमेदवारी करू लागला. तोच पुढे व्ही. शांताराम म्हणून जगप्रसिद्ध झाला.

कंपनीचा गाजलेला पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. महाभारतातील द्रौपदीच्या अज्ञातवासाची आणि कीचकवधाची ही कथा. त्या काळी कुलीन घरांतील स्त्रिया नाटक-चित्रपटांत काम करीत नसत. स्त्रियांच्या भूमिकाही बहुधा पुरुषच करीत. बाबूरावांना ते पटेना. रंगभूमीवर दूरून जे खपून जाते, ते कॅमेऱ्याच्या भिंगासमोर खपत नाही, हे त्यांनी जाणले होते. त्यांच्या चित्रपटात काम करण्यास गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रिया पुढे आल्या. त्यांना कमलादेवी व सुशीलादेवी ही नवी नावे मिळाली. पण त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. शेवटी त्या कंपनीच्या आवारातच राहू लागल्या आणि चित्रपटातील कामाबरोबर साऱ्या मंडळींसाठी स्वयंपाकही करू लागल्या. पडद्यावर राणी आणि दासी म्हणून दिसणाऱ्या या स्त्रियांनी कलेसाठी सोसलेला हा वनवास आपण विसरता कामा नये.

१९२० च्या फेब्रुवारी महिन्यात ‘सैरंध्री’ पुण्याच्या ‘आर्यन’ चित्रपटगृहात लागला आणि लोकांची झुंबड उडाली. भीम कीचकाला ठार मारतो, तो प्रसंग इतका हुबेहूब साधला होता की पाहणाऱ्यांची छाती दडपून जाई. त्या दृश्यावर पुढे आक्षेप घेण्यात आले आणि त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव करून त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. दुसऱ्यांचे चित्रपट दाखवून पोट भरणाऱ्या तरुणाचा स्वतःचा चित्रपट पाहण्यासाठी आता लोक रांगा लावून उभे होते.

परंतु यशाने बाबूराव गाफील झाले नाहीत. एकदा आलेला प्रेक्षक पुन्हा यावा, म्हणून त्यांनी प्रत्येक अंगात सुधारणा केली. रंगविलेले पडदे हा तर त्यांचा हातखंडा. परंतु चित्रपटात पडद्यावरची सुरकुती दिसते आणि वाऱ्याने राजवाडा हलू लागतो, हे ओळखून त्यांनी ते बाजूला सारले व खऱ्या घरासारखे भरीव देखावे उभारले. पात्रांचे पोशाख कसे असावेत, त्यांनी उभे कसे राहावे, याची रेखाटने ते स्वतः करीत. त्या काळी चित्रण उन्हात होई. ढग आले की काम थांबे आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर दिवसेंदिवस हात जोडून बसावे लागे. बाबूरावांनी विजेच्या दिव्यांचा उपयोग सुरू केला. चित्रपटगृहाच्या दाराबाहेरच्या माणसाचाही त्यांनी विचार केला. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी १९२१-२२ च्या सुमारास छापून काढल्या. मोठी रंगीत भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. ती पाहून रस्त्याने जाणारा माणूस थबके आणि त्याची पावले तिकिटाच्या खिडकीकडे वळत. ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक आजही उपलब्ध असून भारतातील सर्वांत जुन्या अशा भित्तिपत्रकांत त्याची गणना होते. या चित्रपटाला इंग्लंडमधील वेम्ब्ले येथील प्रदर्शनात पदकही मिळाले.

१९२३ साली आलेल्या ‘सिंहगड’ चित्रपटाने तर कमाल केली. तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानाची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक होती. ती डोळ्यांसमोर घडताना पाहण्यासाठी लोक चहूकडून आले. रात्रीच्या प्रसंगांसाठी या चित्रपटात कृत्रिम प्रकाश वापरला होता. त्याच साली मुंबई सरकारने करमणुकीवर कर बसविण्याचा कायदा केला. ‘सिंहगड’ला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारचे लक्ष तिकिटांच्या पैशांकडे वळले, असे सांगतात. गर्दी नसली तर खर्च भागत नाही आणि गर्दी झाली तर कर द्यावा लागतो, अशी चित्रपटगृहे चालविणाऱ्यांची स्थिती झाली.

आता बाबूरावांसमोर एक नवाच प्रश्न उभा राहिला. देवादिकांच्या आणि वीरपुरुषांच्या कथा लोकांना आवडत होत्या. त्या दाखवीत राहिले असते, तर पैशाला तोटा नव्हता. पण प्रेक्षकांत जो शेतकरी बसलेला असतो, त्याचे दुःख पडद्यावर का येऊ नये? महाराष्ट्रातील शेतकरी सावकारांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या पिचत होता. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध बंड केले होते. तरीही हा फास सुटलेला नव्हता. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. सावकार खोटे कागद करून एका गरीब शेतकऱ्याची जमीन बळकावतो आणि त्या शेतकऱ्याला गाव सोडून शहरातील गिरणीत मजूर व्हावे लागते, अशी ही करुण कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. यात ना चमत्कार होते, ना झगमगणारे मुकुट. होती ती अंधारी झोपडी आणि तिच्याजवळ भेसूर रडणारे कुत्रे. ते एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनातून जन्मभर गेले नाही.

जाणत्या लोकांनी या चित्रपटाची वाखाणणी केली. पण सर्वसामान्य प्रेक्षक आला नाही. दिवसभर दुःख भोगलेल्या माणसाला संध्याकाळी पैसे मोजून तेच दुःख पाहणे नकोसे वाटले. गर्दी खेचण्याच्या साऱ्या युक्त्या ज्याला ठाऊक होत्या, त्या कलावंताचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट रिकाम्या जागांसमोर चालला. कंपनीत अनेक माणसांचे पोट अवलंबून होते. बाबूरावांना पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळावे लागले. त्यांनी प्रेक्षकांना दोष देऊन काम सोडले नाही. पण ती कथा मनातून काढूनही टाकली नाही.

पुढचे दिवस कसोटीचे होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. ज्यांना हाताला धरून शिकविले, तेच शिष्य आता वेगळे झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३१ च्या मार्च महिन्यात, ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत झळकला. प्रेक्षकांना बोलणाऱ्या चित्रांची गोडी लागली आणि मूकपट पाहण्यास कोणी येईना. चित्रपटगृहांना ध्वनीची महागडी यंत्रे बसवावी लागली आणि पडद्याजवळ बसणाऱ्या पेटी-तबलेवाल्यांची भाकरी गेली. बाबूरावांना बोलपटांविषयी फारसे प्रेम नव्हते. चित्राने बोलावे, ते केवळ रेषेने व प्रकाशाने, अशी त्यांची श्रद्धा होती. शब्दांच्या गलबल्यात इतक्या कष्टाने वाढविलेली दृश्यकला बुडून जाईल, अशी भीती त्यांना वाटे. पण काळाचा ओघ कोणासाठी थांबत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी अखेर बंद पडली.

त्यानंतरही बाबूरावांनी काही बोलपट काढले. त्यांत विशेष लक्षात ठेवण्यासारखा बोलपट म्हणजे १९३६ सालचा ‘सावकारी पाश’. अकरा वर्षांपूर्वी लोकांनी जिच्याकडे पाठ फिरविली होती, तीच शेतकऱ्याची कथा त्यांनी पुन्हा, या वेळी शब्दांसह, लोकांपुढे ठेवली. आपल्याला सांगावयाचे ते खरे आहे, याविषयी त्यांचा केवढा दृढ विश्वास होता, हे यावरून दिसते. १९४७ साली आलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटासाठी व्ही. शांताराम यांनी आपल्या जुन्या गुरूंना आदराने बोलाविले. आयुष्याच्या उत्तरार्धात बाबूराव पुन्हा आपल्या आवडत्या चित्रकलेत व मूर्तिकलेत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे देहावसान झाले.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. ती नाजूक फिल्म काळाच्या ओघात नष्ट झाली. परंतु त्यांनी लावलेले रोप मात्र फोफावले. त्यांचे शिष्य दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली काढलेला ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढील वर्षी व्हेनिस येथील महोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांत गणला गेला. साध्या माणसाचे खरे जीवन दाखविणारा चित्रपटही लोक डोक्यावर घेतात, हे शिष्यांनी सिद्ध केले. कोल्हापुरात बाबूरावांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून स्तंभ उभारलेला आहे.

प्रेक्षकांना जे आवडते ते देणे ही व्यवहाराची रीत झाली. प्रेक्षकांची आवड हळूहळू उंचावणे हे कलावंताचे व्रत होय. बाबूरावांनी दोन्हींचा मेळ घालण्यासाठी जन्मभर धडपड केली. कधी चित्रपटगृह ओसंडून वाहिले, कधी ओस पडले. पण समोर बसलेल्या माणसाला त्यांनी कधी कमी लेखले नाही आणि हातातले काम कधी अर्धवट केले नाही. म्हणूनच महाराष्ट्र त्यांना कलामहर्षी या नावाने आदरपूर्वक स्मरतो.